केक किलोवर विका, पण शिलाई वेगळी घ्या

गेल्या काही वर्षांत वाढदिवसाच्या केकचे रूपच बदलले आहे. पूर्वी गोल किंवा चौकोनी केक, वर क्रीमची चार फुले आणि मुलाचे नाव, एवढ्यावर गिऱ्हाईक खूश असे. आता गिऱ्हाईक मोबाईल पुढे करते आणि त्यातला फोटो दाखवते. कुणाला रेल्वेचे इंजिन हवे, कुणाला क्रिकेटचे मैदान, कुणाला नागझिऱ्याचे जंगल. पार्टीची जी ‘थीम’, तोच केक. ही हौस आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. ती नागपूरहून गोंदियाला आली आणि गोंदियाहून तिरोडा, आमगाव, देवरीपर्यंत पोहोचली.

वाढदिवस साजरा करावा की करू नये, हा या पानाचा विषय नाही. हे पान व्यापाराचे आहे. ऑर्डर येते, आपले बेकरीवाले आणि घरी केक करणाऱ्या आपल्या भगिनी ती घेतात, रात्र-रात्र जागून पुरी करतात आणि महिन्याच्या शेवटी हिशेब केला तर हाती काही उरत नाही. याचे कारण मालाची महागाई नाही. कारण हे की केकचे रूप बदलले, काम चौपट झाले, पण भाव सांगण्याची रीत जुनीच राहिली. गिऱ्हाईक विचारते, “कितने का किलो?” आणि आपण किलोचा भाव सांगून मोकळे होतो.

आपल्या मोहल्ल्यातला शिंपी असे करतो काय? सुटाचे कापड मीटरवर विकले जाते, पण शिलाई वेगळी असते. कापड दोन मीटर लागले म्हणून शिलाई दोन मीटरची, असे कोणी म्हणत नाही. सुतार सागवानाचा भाव घनफुटावर लावतो, पण पलंगावरच्या नक्षीची मजुरी निराळी घेतो. सोनार सोने तोळ्यावर देतो आणि घडणावळ वेगळी लावतो, आणि गिऱ्हाईक ती निमूटपणे देते. केकवाल्यानेच काय पाप केले आहे?

हे बोलणे हवेत राहू नये म्हणून एक काम घेऊन पाहू. गोंदिया हे रेल्वेचे गाव. हावडा-मुंबई मार्गावरचे मोठे जंक्शन, आणि एकेकाळी येथून सातपुड्याची नॅरोगेज गाडी जबलपूरकडे जात असे. तेव्हा या गावात जुन्या वाफेच्या इंजिनाचा केक मागणारा बाप भेटला तर नवल नाही. समजा त्याने अडीच किलोचा केक मागितला.

इंजिनाचे तीन भाग असतात. खाली सांगाडा, वर आडवा बॉयलर आणि मागे ड्रायव्हरची केबिन. नवशिका कारागीर मोठा चौकोनी केक भाजतो आणि सुरी घेऊन त्यातून इंजिन कोरायला बसतो. यात तिसरा हिस्सा केक चुऱ्यात जातो. जाणता कारागीर उलटा विचार करतो. बॉयलरसाठी तो चार इंच व्यासाच्या उभ्या, खाण्यासाठी योग्य अशा डब्यात केक भाजतो आणि थंड झाल्यावर आडवा ठेवतो. केबिनसाठी चार इंची चौकोनी तुकडे एकावर एक रचतो. सुरी फक्त कडा सरळ करायला आणि बॉयलर बसावा म्हणून तळाला सपाट काप द्यायला. म्हणजे कोरण्याचे काम कमी आणि जुळवण्याचे जास्त. ऑस्ट्रेलियात १९८० साली एका महिला साप्ताहिकाने मुलांच्या वाढदिवसाच्या केकचे पुस्तक काढले होते. त्याच्या मुखपृष्ठावर आगगाडीचाच केक होता आणि डब्यांत मालाऐवजी पॉपकॉर्न भरलेले होते. त्या देशात पिढ्यान्‌पिढ्या आयांनी घरच्या साध्या टिनांत भाजलेले केक कापून, जोडून त्या पुस्तकातले आकार केले. गोल केक मधोमध कापून दोन्ही अर्धगोल पाठीला पाठ लावून ठेवले की फुलपाखरू होते, आणि चुरा एक चमचाही पडत नाही. ज्याला ही युक्ती कळली त्याचा निम्मा नफा तिथेच वाचला.

केक कोणता घ्यायचा यालाही महत्त्व आहे. हलका स्पंज कोरायला घेतला की ढासळतो. मावा केक किंवा लोण्याचा घट्ट केक सुरी सहन करतो. बिनअंड्याचा केक भुसभुशीत असतो, त्याचे थर पातळ ठेवून मध्ये चॉकलेटचा लेप द्यावा लागतो. केक कोणताही असो, भाजल्या दिवशी कापू नये. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा आणि सकाळी लांब, दातेरी सुरीने, आधी कागदाचा खाका कापून, त्याच्या कडेने थोडे-थोडे उतरवावे. जास्त कापले गेले तर परत चिकटवता येते, पण तो सांधा पुढे दगा देतो.

मग गिलावा. चॉकलेट आणि क्रीम यांचा जो लेप, ज्याला गनाश म्हणतात, तो केकवर गवंडी भिंतीला देतो तसाच द्यायचा असतो. पहिला पातळ हात चुरा धरून ठेवण्यासाठी, मग थंड करून दुसरा हात गुळगुळीत करण्यासाठी. गुण्या लावून कोपरे तपासायचे. त्यावर फॉन्डंटची, म्हणजे साखरेच्या कणकेची, पोळी लाटून चढवायची. चाके, शिट्टी, धुराडे, दिवा, नंबरपाटी हे सर्व दोन-तीन दिवस आधी करून वाळवून ठेवावे लागते. आपल्याच भट्टीतल्या गोल बिस्किटांना चॉकलेटमध्ये बुडवले तर चाके स्वस्तात आणि भक्कम होतात.

आता हिशेब. भाजण्यात दोन तास, खाका अर्धा, कापणे आणि गिलावा अडीच, फॉन्डंट दोन, चाके आणि बारीक काम तीन, जुळवणी एक, पोहोचवणे एक. झाले बारा तास. समजा आपण ८०० रुपये किलो भाव सांगितला. अडीच किलोचे २००० झाले. समजा मैदा, लोणी, चॉकलेट, फॉन्डंट, पाट आणि खोके मिळून ११०० रुपये गेले. उरले ९००. बारा तासांना भागले तर तासाला ७५ रुपये. त्यातून गॅस, वीज, पेट्रोल आणि फोनवरची घासाघीस जायची आहे. यापेक्षा रोजंदारीवरचा गवंडी बरा. त्याला रात्री जागावे लागत नाही आणि स्पीडब्रेकरवर त्याची भिंत कोसळत नाही. आकडे तुम्ही आपल्या गावचे घाला, पण एकदा कागदावर मांडून पाहाच. बहुतेकांनी तास मोजलेलेच नसतात. घरी काम करणाऱ्या भगिनी तर आपली मजुरी शून्य धरतात, कारण ‘घरीच तर आहोत’. ही समजूत सगळ्यात महागात पडते, कारण त्यांच्या शून्य मजुरीच्या भावाशी मग दुकानदारालाही स्पर्धा करावी लागते, आणि शेवटी दोघेही बुडतात.

गोंदियाच्या हवेचा हिशेब तर आणखी वेगळा आहे. पुस्तकांतले आणि व्हिडिओतले बहुतेक धडे थंड देशांतल्या किंवा वातानुकूलित खोल्यांतल्या कारागिरांचे असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. खोबऱ्या-पामच्या तेलाची बाजारू व्हिपिंग क्रीम असो की दुधाची, लग्नाच्या मांडवात ती अर्ध्या तासात घाम गाळू लागते. अशा क्रीमवर फॉन्डंट तर चढवूच नये, कारण क्रीममधले पाणी साखर विरघळवते आणि पोळी खाली सरकते. गनाशमध्ये हिवाळ्यात दोन भाग गडद चॉकलेटला एक भाग क्रीम चालते. उन्हाळ्यात क्रीम आणखी कमी करावी लागते. पांढऱ्या चॉकलेटला हेच प्रमाण एरवी तीनास एक, आणि भर उन्हाळ्यात चारास एक धरले तरच भिंत उभी राहते. अस्सल चॉकलेटमधले कोको बटर साधारण ३४ अंशांनाच वितळते, म्हणजे माणसाच्या अंगाच्या उष्णतेच्याही आधी. कंपाऊंड चॉकलेट त्याहून थोडे जास्त टिकते. ते चवीला कमी असते हे खरे, पण मे महिन्यात चवीआधी आकार टिकवावा लागतो. माझे स्पष्ट मत आहे की एप्रिल ते जूनमध्ये वातानुकूलित हॉल नसेल तर तीन थरांच्या वर उंच केकची ऑर्डर घेऊच नये. गिऱ्हाईक नाराज झाले तर होऊ द्यावे.

पावसाळ्याचे दुखणे उलटे. भाताच्या या जिल्ह्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतच पाणी असते. फॉन्डंटचा केक फ्रिजमधून काढला की त्यावर दव जमते, रंग ओघळतात आणि हात लावावा तिथे बोट उमटते. दव आले तर पुसू नये. पंख्याखाली तसाच ठेवावा, आपोआप सुकतो. वाळवून ठेवलेली चाके-फुले मात्र फ्रिजमध्ये ठेवूच नयेत, घट्ट डब्यात ठेवावीत. रंग पाण्यासारखे पातळ वापरले तर फॉन्डंट चिकट होते, म्हणून जेल किंवा भुकटीचेच घ्यावेत. चमकीच्या डबीवर ‘खाण्यायोग्य’ असे लिहिले आहे की फक्त ‘सजावटीसाठी’, हेही वाचावे. बाजारात दोन्ही एकाच फळीवर मांडलेल्या असतात.

याच भाताच्या जिल्ह्याने आपल्याला एक मोठी सोय करून ठेवली आहे, तिच्याकडे आपले लक्ष नाही. परदेशी कारागीर केकचे जे अवयव केकने करता येत नाहीत, जसे डोके, हात, चिमणी, ते फुगवलेल्या तांदळाचे करतात. तिकडे तो तांदूळ डब्यात मिळतो आणि तो बांधायला मार्शमॅलो नावाची चिकट मिठाई वापरतात. फुगवलेला तांदूळ म्हणजे दुसरे काय? आपले मुरमुरे! मुरमुऱ्याचे लाडू वळता येत नाहीत असे घर या जिल्ह्यात विरळा. मुरमुरे किंचित चुरून वितळलेल्या पांढऱ्या कंपाऊंड चॉकलेटमध्ये कालवावेत, हाताला तेल लावून दाबून आकार द्यावा आणि थंड करावा. गुळाच्या पाकातही होते, पण गूळ पावसाळ्यात पाणी धरतो, त्यामुळे वरून चॉकलेटचा हात फिरवावा. असा गोळा केकच्या मानाने हलका, भक्कम आणि स्वस्त. इंजिनाचा खालचा सांगाडा आणि धुराडे यातूनच करावे. शिवाय बाजारातले बहुतेक मार्शमॅलो जिलेटिनचे असतात. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून निघते आणि कोणत्या जनावराच्या, हे डबीवर नेहमी लिहिलेले नसते. मुरमुऱ्याने तो प्रश्नच मिटतो.

जिलेटिनचा विषय निघालाच आहे तर पुरा करू. घरी फॉन्डंट करण्याच्या अनेक कृतींत जिलेटिन असते. तयार फॉन्डंटपैकी पुष्कळसे डिंकासारख्या वनस्पतिजन्य पदार्थांवर केलेले असतात, पण डबी वाचल्याशिवाय घेऊ नये. घरीच करायचे तर चायना ग्रास वापरून होते. काही इसेन्स अल्कोहोलमध्ये विरघळवलेले असतात, तेही पाहून घ्यावे. यात आपला ईमान आहेच, पण धंदाही आहे. गोंदियात शाकाहारी गिऱ्हाईक मोठे आहे, त्यालाही जिलेटिन चालत नाही आणि अंडेही चालत नाही. कायद्याने अंड्याचा पदार्थ हिरव्या खुणेत बसत नाही. एकाच भांड्यात, एकाच बीटरने अंड्याचा आणि बिनअंड्याचा केक फेटायचा आणि दोन्ही सारख्याच विश्वासाने विकायचे, हे चालणार नाही. भांडी वेगळी ठेवा आणि तसे गिऱ्हाईकाला सांगा. जो मारवाडी किंवा जैन कुटुंबाचा विश्वास एकदा मिळवतो, त्याच्याकडे त्यांची सारी जात-बिरादरी येते. अन्न सुरक्षा कायदा २००६ सालचा आहे आणि त्याखालची नोंदणी घरून केक विकणाऱ्यालाही लागते, हे बऱ्याच भगिनींना ठाऊक नसते. ती करून घ्यावी. नोंदणीचा कागद दाखवला की भाव सांगताना आवाजही जरा खणखणीत निघतो.

आता उभारणी. केक म्हणजे मऊ माती आहे हे विसरून चालत नाही. दर चार इंच उंचीला खाली पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची तबकडी आणि तिच्याखाली बांबूच्या स्वच्छ काड्या किंवा जाड नळ्या हव्यात. वरचा भार केकवर पडू न देता काड्यांवरून पाटावर उतरला पाहिजे. स्लॅबचे वजन भिंतीवर न टाकता कॉलमवर टाकतात तेच हे. सर्व काड्या एकाच उंचीच्या कापाव्यात आणि वर पाणसळ ठेवून पाहावी. तळाचा पाट बारा मिलिमीटरच्या प्लायचा, वर खाण्यायोग्य कागद चढवलेला असावा. पुठ्ठ्याचा पाट उचलताना वाकतो, आणि पाट वाकला की फॉन्डंटला तडा गेलाच म्हणून समजा.

याहून अवघड काम येते तेव्हा काय? गोंदिया जिल्हा महाराष्ट्रात सारस पक्ष्यांसाठी ओळखला जातो. उद्या एखाद्या निसर्गप्रेमी मंडळाने सारसाचा केक मागितला, तर दोन बारीक पायांवर भला मोठा देह उभा करायचा आहे. इथे काडी पुरत नाही. प्लायला भोक पाडून आट्यांचा लोखंडी रॉड नट-वॉशरने कसावा लागतो, त्यावर खाण्यायोग्य नळी चढवावी लागते, वर आडवी फळी, मग केक. मान आणि चोच मुरमुऱ्याची. हे बेकरीवाल्याचे काम राहिले नाही, यात सुतार आला, फिटर आला. काही भाऊ सजीवांच्या आकृती करत नाहीत, आणि त्यांनी न केल्या तरी त्यांना काम कमी पडत नाही. ट्रॅक्टर, ट्रक, इंजिन, पुस्तक, किल्ला, शिलाई मशीन, हातपंप, क्रिकेटचे मैदान असे कितीतरी विषय आहेत. एक गोष्ट मात्र सर्वांनी आधीच ठरवून ठेवावी. कुराण खत्म झाल्याच्या खुशीत कोणी पवित्र ग्रंथाच्या आकाराचा, वर आयत लिहिलेला केक मागते. हेतू चांगला असतो, पण त्यावर पुढे सुरी चालणार आणि उष्टे ताट कचऱ्यात जाणार. अशा वेळी अदबीने नकार देऊन चांद-कंदिलाचा किंवा साध्या कमानीचा नमुना पुढे करावा. फोटो तयार ठेवले तर गिऱ्हाईक ऐकते.

सुतार आणि फिटर यांचे नाव मी उगाच घेतले नाही. आपल्या वस्त्यांत हाताचे काम जाणणारे तरुण पुष्कळ आहेत आणि फर्निचरच्या कारखान्यांनी, तयार कपड्यांनी त्यांचे काम खाल्ले आहे. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात डफ गोल्डमन या केकवाल्यावर २००६ साली दूरदर्शन मालिका निघाली. त्याच्या दुकानातले कारागीर पाहिले तर त्यांत चित्रकार होते, इमारतींचे छोटे नमुने बनवणारेही होते, आणि बाकांवर ड्रिल आणि करवत असे. त्याने भट्टीचे शिक्षण घेतलेल्यांपेक्षा हात चालवणाऱ्यांना जवळ केले. आपल्या महाराष्ट्रातही पाहा. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी इटलीतल्या मिलानच्या कॅथेड्रलची सुमारे १०० किलोची प्रतिकृती साखरेच्या आयसिंगमध्ये उभारली आणि २०२२ साली लंडनच्या वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्‌सने तिची नोंद घेतली. रॉयल आयसिंगला परंपरेने अंड्याचा पांढरा बलक लागतो. त्यांनी ते बिनअंड्याचे केले, म्हणजे आपल्या देशातल्या गिऱ्हाईकाची अडचण ओळखून मग कला दाखवली. अशा कामाला कोणी किलोचा भाव विचारील काय?

काही जण म्हणतात, मोठ्या कंपन्यांची दुकाने आली आहेत, त्यांच्यापुढे आपले काय चालणार. मोंजिनिस हे नाव सर्वांना माहीत आहे. मुंबईच्या फोर्टमधले ते इटालियन भावांचे दुकान पुढे खोराकीवाला कुटुंबाने घेतले आणि त्याची साखळी देशभर नेली. त्या रस्त्याने जायला भांडवल लागते. पण साखळीचे बळ एकसारखा केक हजारोंनी काढण्यात असते. अमुक मुलाच्या आजोबांनी चालवलेले इंजिन, अमुक नंबराचे, एकदाच करून देणे हे कारखान्याला परवडत नाही. ते आपले मैदान आहे. आणि त्या मैदानात उतरून आपण कारखान्याच्या भावात, किलोवर, माल विकतो! मला यापेक्षा आतबट्ट्याचा व्यवहार माहीत नाही.

तेव्हा भाव दोन तुकड्यांत सांगायला लागा. केकचा भाव किलोवर, तो बाजारात असेल तोच. कारागिरी वेगळी, आणि तिचे तीन दर्जे करा. साधा सजवलेला केक, त्याला कारागिरी नाही. सपाट कापलेला आकार, जसे आकडा, पतंग, सदरा, फुलपाखरू, त्याला थोडी. उभा, चारी बाजूंनी दिसणारा आकार, त्याला तासाप्रमाणे. तास किती लागतात हे दोन-तीन कामे घड्याळ लावून केल्यावर कळते. गोंदियाच्या बाहेर पोहोचवायचे तर त्याचे पैसे निराळे. देवरीला महामार्गाने जाणे वेगळे आणि सालेकसा-अर्जुनी मोरगावच्या आतल्या गावी जाणे वेगळे. मोटारसायकलवर उभा केक नेण्याचे धाडस करू नये. बॉयलर, केबिन आणि चाके वेगवेगळ्या खोक्यांत न्यावीत आणि हॉलवर जाऊन अर्ध्या तासात जोडावीत. त्यासाठी थोडे गनाश, सुटे फॉन्डंट आणि एक बारीक सुरी सोबत असावी. हा जोडणीचा अर्धा तासही कारागिरीत धरा.

गिऱ्हाईक तुटेल, ही भीती खोटी नाही. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत काही ऑर्डरी जातील. पण ज्या जातील त्या तासाला ७५ रुपयांवाल्या असतील. ज्याला खर्च करायचा नाही त्याला हाकलू नका, त्याला सपाट आकार दाखवा, तो हजारात सोळाशेचे समाधान घेऊन जाईल. एकाच गावातल्या चार-पाच बेकरीवाल्यांनी आणि घरी करणाऱ्या भगिनींनी मिळून कारागिरीचा किमान दर ठरवला तर भीती आणखी कमी होईल. लग्नाच्या जेवणाच्या देगचा दर आपले आचारी आपसांत ठरवतातच. २२ सप्टेंबर २०२५ पासून केक, पेस्ट्री आणि बिस्किटांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. ज्यांची नोंदणी आहे त्यांनी हा फरक गिऱ्हाईकाला दाखवून त्याच बिलात कारागिरीची ओळ सुरू करावी, याहून चांगला मोका नाही. लहान कारागीर नोंदणीच्या मर्यादेत येतच नाहीत, त्यांना तर कोणाची आडकाठी नाही.

आणि तोंडी व्यवहार बंद करा. फोटोतला केक आणि आपण करणार तो केक यांत काय फरक असेल, हे आधी लिहून द्या. फोटोत पुष्कळदा अर्धा थर्माकोल असतो. निम्मे पैसे आधी घ्या, आणि काम सुरू झाल्यावर ऑर्डर मोडली तर कारागिरीचे परत मिळणार नाहीत, हेही लिहा. पावतीच्या मागे आणखी दोन ओळी हव्यात. केक किती वाजेपर्यंत आणि कशा जागी ठेवायचा, ही एक. आत किती काड्या, किती तबकड्या आणि कुठे रॉड आहे, ही दुसरी. म्हणजे कापणारा त्या मोजून बाहेर काढील आणि कोणा लेकराच्या घासात बांबूची काडी जाणार नाही.